उंबऱ्यावरची एक चप्पल

एकदा एका धर्मादाय रुग्णालयात एक वृद्ध तंत्रज्ञ एकाच पायात चप्पल घालून हिंडताना दिसला. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी होता. तिसऱ्या मजल्यावर ज्या थंड खोलीत रुग्णालयाची संगणकयंत्रे ठेवलेली असत, तिच्या उंबऱ्याबाहेर डावी चप्पल एकटीच पडून होती.

या वृद्धास सारे रुग्णालय 'मास्तर' म्हणे. त्यांनी कोणत्याही शाळेत कधी शिकविले नव्हते. स्वतः मात्र ते आयुष्यभर शिकत राहिले होते, आणि तेही जुन्या बाजारातून आणलेल्या पुस्तकांवरून. लोकांना एवढे पुरेसे वाटले असावे.

फरशी पुसणाऱ्या द्वारकाबाईंनी त्या दिवशी त्यांना वाटेतच अडविले. "मास्तर, दुसरी चप्पल कुत्र्यानं पळवली का बायकोनं लपवली?"

"दोहोंपैकी काहीही नाही, द्वारकाबाई. ती कामावर आहे."

"चप्पल कामावर, नि मास्तर चहाला! बरं हाय की."

मास्तरांच्या मागोमाग चालणारी त्यांची शिष्या ऋजुता मनातल्या मनात ओशाळली. मोठ्या शहरातून पदवी घेऊन ती सहा महिन्यांपूर्वी येथे रुजू झाली होती. मास्तरांच्या ज्ञानाविषयी तिला आदर होता. तथापि चारचौघांत एका पायाने अनवाणी चालणाऱ्या माणसाशेजारी उभे राहून चहा पिणे तिला जड जाई. या चपलेचे कारण तिने विचारले नाही. म्हाताऱ्या माणसांच्या लहरी असतात, असे तिने ठरवून टाकले होते.

त्या दिवशी जे काम चालले होते ते आधी समजून घ्यावयास हवे. रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या मेंदूची, हृदयाची, हाडांची चित्रे बारा यंत्रांत विभागून ठेवलेली असत. प्रत्येक यंत्र म्हणजे एक कोठार. कोणतेही चित्र एकाच कोठारात ठेवीत नसत. त्याच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या कोठारांत जात. प्रत्येक कोठारावर देखरेख करणारा एक प्रोग्राम असे. मास्तर त्यास कोठावळा म्हणत. हा कोठावळा कंटेनर नावाच्या बंदिस्त खोक्यात राही. खोके बिघडले तर ते टाकून द्यावे आणि क्षणात नवे मांडावे, अशी त्याची रचना. बारा कोठावळे एकमेकांची सतत विचारपूस करीत. त्यांपैकी एखादा दहा मिनिटे गप्प राहिला, तर उरलेले अकरा त्यास बाद ठरवीत आणि त्याच्या वाट्याच्या मालाच्या नव्या प्रती आपसांत करून घेत. मग एखादे कोठार जळून गेले तरी रुग्णाचे चित्र जात नसे.

आता या कोठावळ्यांची नवी आवृत्ती आली होती. एकेकास निजवावे, नवे खोके मांडावे, जागे करावे, त्याने आपला माल तपासून 'सर्व ठीक' म्हटल्यावरच पुढच्याकडे वळावे, असा तो क्रम होता. एकेका कोठारास पाऊण तास लागे. तेवढ्यात इतरांनी त्यास बाद ठरवून सगळा माल हलविण्याची धावपळ करू नये, म्हणून काम सुरू करताना मास्तर एक आज्ञा देत. जणू बाराही कोठारांच्या दारावर पाटी लागे: 'कोणासही बाद करू नये. जो गेला आहे तो परत येणार आहे.' ही पाटी लागली की देखरेखीच्या पडद्यावरील हिरवा रंग पिवळा होई, आणि पाटी उतरेपर्यंत पिवळाच राही.

पाटी लावताच मास्तर खोलीबाहेर येत आणि डावी चप्पल उंबऱ्यावर काढून ठेवीत.

ती रात्र मास्तरांनी रुग्णालयातच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ कोठारे झाली. मास्तरांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दिवस आधीच ठरलेला होता. परगावी जाणारी गाडी त्यांना गाठायची होती. त्यांनी ऋजुतेस जवळ बोलाविले.

"चार उरली आहेत. एका वेळी एकच. घाई करू नका. शेवटी पाटी उतरवा."

"हो मास्तर, काळजी करू नका. सोपं आहे."

"सोपेच आहे," मास्तर म्हणाले. मग उंबऱ्याशी जाऊन त्यांनी डावी चप्पल पायात सरकविली. क्षणभर ते तिच्या पांढऱ्या बुटांकडे पाहत राहिले. "आता तुमचा एक बूट येथे राहू द्या."

ऋजुता हसली. "मी चिठ्ठी लावून ठेवते ना, मास्तर." आणि तिने खरोखरच पिवळ्या कागदावर 'पाटी काढणे' असे लिहून पडद्याच्या कडेला चिकटविले. मास्तरांनी ती चिठ्ठी पाहिली. त्यांना काहीतरी बोलायचे होते, असे तिला वाटले. पण खाली रिक्षा वाजली आणि ते गेले.

उरलेली चार कोठारे तिने अगदी नीट केली. बारावा कोठावळा 'सर्व ठीक' म्हणाला, त्याच वेळी तळमजल्यावरून फोन आला: औषधांच्या चिठ्ठ्या छापणारे यंत्र बंद पडले होते आणि रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ती धावली. परत आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. पडदा पिवळा होता, पण दोन दिवस तो पिवळाच होता. चिठ्ठीही जागच्या जागी होती. रोज दिसणारी वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. आठवड्याभरात ती चिठ्ठी पडद्याच्या चौकटीचाच भाग होऊन गेली.

मास्तर शस्त्रक्रिया करवून घेऊन घरी परतले, पण डॉक्टरांनी महिनाभर पडद्याकडे पाहण्यास मनाई केली होती. तीन आठवडे उलटले.

एका सकाळी नऊ वाजता वीज गेली आणि लगेच आली. अकरा यंत्रे बॅटरीवर तगली. नवव्या यंत्राची बॅटरी जुनी होती, ते बंद पडून पुन्हा सुरू झाले. त्याचा कोठावळा जागा झाला, आणि अर्ध्या मिनिटात कोसळला. पुन्हा जागा झाला, पुन्हा कोसळला. पडदा लाल झाला. शेकडो रुग्णांची चित्रे उघडेनाशी झाली.

ऋजुतेने घाईघाईने पाहिले. पाचवे कोठारही बंद होते! आजचे नव्हे, गेले तेरा दिवस बंद होते; पडदा आधीच पिवळा असल्याने ते कोणास कळले नव्हते. त्याची माल साठविणारी तबकडी कायमची निकामी झाली होती. ज्या चित्रांच्या प्रती पाचव्यात, नवव्यात आणि आणखी एखाद्या कोठारात होत्या, त्यांची आता एकेकच प्रत उरली होती. आणि एका साक्षीवर निवाडा द्यायचा नाही, या नियमाने त्या कोठावळ्यांनी ती चित्रे देण्याचे थांबविले होते.

इतक्यात दार ढकलून रुग्णालयाचे व्यवस्थापक आत आले. त्यांच्यामागे तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी होता. पन्नाशीचा, अंगाने भारदस्त. हातात मात्र एक लहानशी जेवणाच्या डब्याची पिशवी घट्ट धरलेली.

"ऋजुता, वरच्या शस्त्रक्रियागृहात डॉक्टर थांबलेत," व्यवस्थापक म्हणाले. "यांच्या बहिणीची तीन वर्षांपूर्वीची मेंदूची चित्रं हवीत. उघडत नाहीत म्हणे?"

"आज सकाळीच नवं चित्र काढलं की हो," व्यापारी म्हणाला. "मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, त्यावर भागवा. ते म्हणाले, गाठ किती वाढली नि कुठल्या अंगानं वाढली, ते जुनं पाहिल्याबिगर मी हात लावणार नाही. आता ताई, आजचं चित्र दहांदा काढता येईल. तीन वर्षांपूर्वीचं कुणी काढायचं?" त्याने पिशवी छातीशी धरली. "आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. अक्कानंच वाढवलं मला. उपाशी नेलीय तिला आत. मी म्हटलं, बाहेर आलीस की पेज आणून ठेवलीय."

"अर्ध्या तासात करते," ऋजुता म्हणाली. कशाच्या बळावर म्हणाली, ते तिलाच ठाऊक नव्हते.

ते दोघे बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ऋजुतेने यंत्राकडे तोंड केले. कोठावळा पुन्हा पुन्हा पडतो आहे, तर सरळ उपाय एकच: जुने टाकावे, नवे मांडावे. खोके तर तिने दोनदा बदलून पाहिले होते. नवा कोठावळाही पडतच होता. म्हणजे कोठारातच बिघाड असणार. नववे कोठार पुसून कोरे करावे, आणि उरलेल्या एका प्रतीवरून ते पुन्हा भरून घ्यावे. पुसण्याची आज्ञा तिने लिहिली. बोट कळीवर ठेवले. आणि तसेच उचलून तिने मास्तरांना फोन लावला.

सगळे ऐकून घेतल्यावर मास्तर एवढेच म्हणाले, "मी येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसा."

दहा मिनिटांत ते आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. उंबऱ्याशी थांबून त्यांनी डावी चप्पल काढली. बाकावरचा व्यापारी गोंधळून पाहत राहिला. आत जीवन-मरणाचा प्रश्न असताना हा वृद्ध एक चप्पल नीट जुळवून भिंतीशी ठेवतो आहे! व्यवस्थापक कपाळावर हात मारून म्हणाले, "मास्तर, आता हे राहू द्या हो!"

"आताच तर हवे," मास्तर म्हणाले आणि आत येऊन बसले. "ऋजुता, मला पडद्याकडे पाहण्याची बंदी आहे. कोसळण्यापूर्वी नववा कोठावळा काय म्हणाला, ते मला वाचून दाखवा."

"मास्तर, त्या नोंदी हजारो ओळींच्या आहेत. वेळ नाही..."

"शेवटच्या वीस ओळी. मोठ्याने."

तिने वाचावयास सुरुवात केली. आपण सकाळपासून हा पडदा चाळला, पण वाचला नाही, हे तिसऱ्याच ओळीला तिच्या ध्यानी आले. तबकडी ठीक. माल ठीक. राहिलेले निरोप वाचत आहे. राहिलेले निरोप वाचत आहे. राहिलेले निरोप... आणि मग एकच कोरडी ओळ: दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक स्मृती वापरली म्हणून थांबविण्यात आले.

ती वाचता वाचता थांबली.

"त्याला कोणी थांबविले?" मास्तरांनी विचारले.

"आपणच. खोक्याला आपणच मर्यादा घालून दिली आहे. त्याच्या कोठाराला काहीही झालेलं नाही, मास्तर. माल जसाच्या तसा आहे."

"मग हे निरोप कोणाचे?"

ऋजुतेने पडद्याच्या कडेच्या चिठ्ठीकडे पाहिले. तिला उत्तर ठाऊक होते. "पाचव्याचे. पाचवा परत येणार म्हणून इतरांनी तेरा दिवस त्याच्यासाठी एकेक बदल लिहून ठेवला. कारण पाटी... पाटी मी उतरवलीच नाही."

मास्तर रागावतील, असे तिला वाटले. ते म्हणाले, "दोन क्रमांकाच्या कोठाराची स्मृती किती भरली आहे?"

"शंभरात चौऱ्याण्णव."

"तुम्ही नववे पुसले असते, तर सगळा भार त्या दोन क्रमांकावर पडून तोही कोसळला असता. त्या बाईंच्या चित्राची शेवटची प्रत त्याच्याचपाशी आहे ना?"

तिने मान हलविली. तिने दोन्ही हात पुन्हा मांडीवर नेले.

"आता हात उचला. आधी नवव्याची मर्यादा दुप्पट करा. तो उठून 'सर्व ठीक' म्हणेपर्यंत दुसरे काहीही करायचे नाही. मग पाटी."

तिने मर्यादा वाढविली. नववा कोठावळा उठला. अर्धे मिनिट गेले. तो पडला नाही. एक मिनिट, दोन. निरोपांचे ते प्रचंड भेंडोळे तो एकेक करून वाचत होता. सातव्या मिनिटाला तो म्हणाला, सर्व ठीक. लाल पडदा पिवळा झाला. ऋजुतेने पाटी उतरविली. दहा मिनिटांनी उरलेल्या अकरांनी पाचव्यास बाद ठरविले, आणि तेरा दिवसांपूर्वी जे काम सुरू व्हावयास हवे होते ते, नव्या प्रती करण्याचे काम, सुरू झाले.

त्याआधीच वरून फोन आला होता: चित्रे उघडली, डॉक्टर हात धुवावयास गेले. बाकावरचा व्यापारी उठला, आत आला, कोणास नमस्कार करावा हे न कळून त्याने यंत्रांच्या कपाटालाच हात जोडले आणि डब्याची पिशवी सावरीत जिन्याकडे धावला.

व्यवस्थापक मात्र तेथेच उभे राहिले. "मास्तर, हे टळलं ते ठीक. पण उद्या विश्वस्त मला विचारणार. चूक कोणाची?"

ऋजुता उठून उभी राहिली. तिने तोंड उघडण्यापूर्वीच मास्तर म्हणाले, "माझी."

"तुमची? तुम्ही तर रजेवर होता!"

"तेच सांगतो. बसा, ऋजुता." मास्तरांनी काठी भिंतीशी टेकविली. "कोणासही बाद करू नये, ही पाटी म्हणजे गैरहजर असलेल्यासाठी दिलेला शब्द आहे. तो येणार आहे, त्याची जागा राखा, असे आपण इतरांना सांगतो. शब्द चांगलाच आहे. पण तो दिल्याक्षणापासून गेलेल्याचा भार राहिलेल्यांच्या डोक्यावर चढू लागतो, आणि ते बिचारे तक्रार करीत नाहीत; फक्त पडदा पिवळा राहतो. म्हणून ज्याने शब्द दिला, त्यालाच तो बोचत राहिला पाहिजे. चिठ्ठी बोचत नाही. अनवाणी पाय बोचतो. एका चपलेने कोणीही घरी जात नाही. चाळीस वर्षे मी हे पाळले. त्या दिवशी पाटी माझ्या हाताने लागलेली होती, काम अपुरे होते, आणि मी दोन्ही चपला घालून गाडी गाठली."

"पण तुम्ही मला सांगितलं होतं, मास्तर," ऋजुता म्हणाली. "बूट ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी हसले."

"का ठेवायचा, ते सांगितले होते का?"

"नाही."

"तुम्ही हसलात, तेव्हाच ते सांगावयास हवे होते. मला वाटले, चाळीस वर्षांचा माझा नियम. हिने तो न विचारता पाळावा. तो माझा अहंकार होता. आणि रिक्षाही वाजत होती." ते किंचित हसले. "अहंकाराला घाईची सोबत मिळाली की असे होते."

व्यवस्थापक निघाले. जाताना त्यांनी उंबऱ्यावरची चप्पल ओलांडली नाही; बाजूने वळसा घालून गेले.

पाटी उतरली होती, तेव्हा मास्तर चप्पल घालून घरी गेले. संध्याकाळी वरून निरोप आला, की अक्का शुद्धीवर आल्या आहेत आणि आपल्या भावाने दिवसभर काही खाल्ले का, हेच पहिल्याने विचारीत आहेत. रात्रभर कोठारे आपसांत प्रती करीत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता आली तेव्हा पडदा हिरवा होता. तीन आठवड्यांनी तिने तो रंग पाहिला. चिठ्ठी काढून तिने केराच्या टोपलीत टाकली.

काम मात्र संपले नव्हते. नवव्यावर जी वेळ आली ती इतर दहांवरही येऊ शकत होती. प्रत्येकाची मर्यादा वाढविणे भाग होते, आणि त्यासाठी एकेकास पुन्हा निजवावे लागणार होते. न बोलाविता मास्तरही आले होते. पाटी लागणार म्हणून डावी चप्पल आधीच काढून ते आत शिरले आणि म्हणाले, "पाटी लावा."

ऋजुतेने आज्ञा दिली. पडदा पिवळा झाला. मग ती उठली, उंबऱ्याशी जाऊन खाली वाकली आणि डाव्या बुटाची नाडी सोडू लागली. मोजा काढून तिने बुटात खोचला, आणि तो पांढरा बूट त्या झिजलेल्या चपलेशेजारी ठेवला. फरशी गार होती.

मास्तर आतून हे ऐकत होते. बूट जमिनीस टेकल्याचा आवाज झाला तेव्हा ते उठले, काठी घेऊन बाहेर आले, आणि पायाने चाचपून आपली चप्पल शोधून त्यांनी ती घातली.

"निघालात, मास्तर? अजून दहा बाकी आहेत."

"आता मला जाता येते," मास्तर म्हणाले.

दुपारी चहाच्या वेळी ती जिना उतरत असता द्वारकाबाईंनी पोछा थांबवून तिच्या पायाकडे पाहिले. "अगं बाई! म्हाताऱ्याचा रोग पोरीला लागला की!"

"लागला खरा, द्वारकाबाई."

"मग तुझा बूट कुठं?"

"कामावर आहे," ऋजुता म्हणाली, आणि अंगणातल्या तापलेल्या फरशीवरून एका पायावर अधिक भार देत चहाच्या टपरीकडे गेली. संध्याकाळी सहाला पाटी उतरली, तेव्हाच ती दोन्ही बूट घालून घरी गेली.

आपणही आपल्या घरांत कोणाकोणाची जागा राखून ठेविलेली असते. ती राखताना कोणाचे खांदे वाकत आहेत, हे मधूनमधून विचारीत जावे.